व्होल्टेज बरोबर आहे म्हणून तक्रार बंद : २४ बनावट लिथियम सेलचा अनुभव

पार्सलवर छापलेले वजन ८४२ ग्रॅम होते. तो आकडा मी वाचला होता, कारण पावती जुळवताना तो डोळ्यांसमोरच होता. आत १८६५० आकाराचे (१८ मिमी व्यास, ६५ मिमी लांबी) २४ लिथियम-आयन सेल होते. अस्सल सेलचे वजन ४५ ते ५० ग्रॅम असते, म्हणजे वेष्टन सोडून नुसते सेलच अकराशे ग्रॅमच्या आसपास भरायला हवे होते. हा गुणाकार मला तोंडी करता आला असता. रसायने मोजण्यासाठी घेतलेला ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटाही त्याच टेबलावर ठेवलेला होता. तरीही मी खोके उघडले, मल्टिमीटर काढला, प्रत्येक सेलचे व्होल्टेज तपासले, चोविसांपैकी प्रत्येकावर ३.७ व्होल्टच्या जवळपास आकडा दिसला आणि माल चांगला आहे असे मानून मी कामाला लागलो. त्या पाच मिनिटांचा मला आजही संताप येतो.

सेलवर ९९०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती वीज साठते याचे माप) असे छापलेले होते. आज मिळणाऱ्या चांगल्यात चांगल्या १८६५० सेलची क्षमता साधारण ३५०० एमएएचच्या घरात असते, हे मला माहीत नव्हते असे मी म्हणणार नाही. मला ते माहीत होते. पण विक्रेत्याने वर्णनात ‘नव्या रसायनाचा सेल’ असे लिहिले होते, शेकडो ग्राहकांचे अभिप्राय होते, त्यांची सरासरी पाचपैकी ४.६ होती, आणि बॅटरीच्या क्षेत्रात दरवर्षी काही ना काही सुधारणा होत असल्याचे आपण वाचतच असतो. ते अभिप्राय मी नंतर पुन्हा नीट वाचले. बहुतेक सगळे माल मिळाल्यानंतर दोन-तीन दिवसांतच लिहिलेले होते आणि त्यांत वेष्टन, रंग आणि लवकर पोहोचल्याचे कौतुक होते. क्षमता मोजल्याचा उल्लेख एकाही अभिप्रायात नव्हता. ज्याने सेल मोजलेला नाही त्याच्या पाच तारकांना काहीही किंमत देऊ नका.

मला हे सेल दुर्बिणीसाठी हवे होते. ययाती तारकासमूहातील अल्गोल हा तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो. त्याची प्रत (तेजस्वितेचा आकडा, जो जितका मोठा तितका तारा मंद) २.१ वरून ३.४ पर्यंत उतरते आणि पुन्हा चढते. या साऱ्याला सुमारे दहा तास लागतात. तेजाच्या या चढउताराचा संपूर्ण आलेख एकाच रात्रीत टिपण्याची माझी कित्येक वर्षांची इच्छा होती. ताऱ्याचा माग ठेवणारी मोटर, कॅमेरा आणि भिंगावर दव साचू न देणारा हीटर मिळून २.१ अँपिअर प्रवाह घेत होते. विजेची सोय नसलेल्या मोकळ्या जागी रात्र काढायची होती. म्हणून तीन गट एकसरीत आणि प्रत्येक गटात आठ सेल समांतर असा पॅक मी आखला. छापील आकड्यांनुसार त्याची क्षमता ७९.२ अँपिअर-तास होत होती, म्हणजे ३७ तासांहून अधिक काळ. एकेका सेलची क्षमता तेवढी नसली, निम्मीच असली, तरी माझी रात्र आरामात निघणार होती, असा माझा हिशेब होता. या हिशेबामुळेच मी निर्धास्त राहिलो.

पॅक ३ तास ४८ मिनिटे चालला. तारा अजून मंदावतच होता. बीएमएसने, म्हणजे सेल फार रिकामे होऊ न देणाऱ्या संरक्षक सर्किटने, पुरवठा तोडला, मोटर थांबली, तारा चौकटीतून सरकत बाहेर गेला आणि आलेख अर्ध्यावर तुटला.

त्यानंतर मी सेल जोडणाऱ्या, वेल्डिंग केलेल्या निकेलच्या पट्ट्या उपटून चोवीसही सेल सुटे केले आणि क्षमता मोजणाऱ्या यंत्रावर, एका वेळी चार याप्रमाणे, ४.२ व्होल्टपासून २.८ व्होल्टपर्यंत ०.५ अँपिअरने रिकामे केले. सर्वांत चांगला सेल १२१२ एमएएचचा निघाला, सर्वांत वाईट ८७४ चा. सरासरी १०८६ आली, म्हणजे छापलेल्या आकड्याच्या ११ टक्के. प्रत्येकाचे वजन ३१ ते ३३ ग्रॅमच्या दरम्यान होते. दोन सेल कानाजवळ हलवले तर आत बारीक वाळू सरकल्यासारखा आवाज येत होता. असे सेल उघडून पाहिलेल्यांना मोठ्या डब्यात लहान सेल आणि उरलेल्या जागेत भुकटी आढळलेली आहे. मी मात्र ते उघडलेले नाहीत आणि तुम्हीही उघडू नका. लिथियम सेल कापताना आत शॉर्ट झाला तर तो पेट घेतो, आणि पुराव्यासाठी हात भाजून घेण्यात काही अर्थ नाही.

सर्वांत झोंबणारा हिशेब पुढचा आहे. या २४ सेलना मी जेवढे पैसे मोजले, तेवढ्यात नामांकित कंपनीचे ३४०० एमएएचचे ९ अस्सल सेल आले असते. त्यांची क्षमता ३०,६०० एमएएच झाली असती. माझ्या चोविसांची मिळून २६,०६४ आहे. म्हणजे स्वस्तात घेतले असेही म्हणायची सोय राहिलेली नाही.

विक्रेत्याने पहिल्याच उत्तरात १५ टक्के रक्कम परत देऊ केली, अट एवढीच की तक्रार करायची नाही. मी नकार दिल्यावर ती २० टक्के झाली. मग आमचे तंत्रज्ञ तुमचे मोजमाप तपासत आहेत, चार दिवस थांबा, असे दोनदा कळवले गेले. तक्रारीची मुदत माल मिळाल्यापासून ३० दिवसांची होती. पॅक बांधण्यात, आकाश निरभ्र होण्याची वाट पाहण्यात आणि मोजमापात माझे २० दिवस आधीच गेले होते. हे थांबायला सांगणे मुदत संपवण्यासाठीच असते. विक्रेत्याशी बोलणी चालू असली तरी तक्रार आधी नोंदवून ठेवा. मी २९ व्या दिवशी रात्री नोंदवली.

खरेदीच्या संकेतस्थळाच्या तक्रार विभागाने माझ्याकडे काय मागावे? मल्टिमीटर लावलेल्या सेलचे छायाचित्र. मी चोवीस सेलच्या मोजमापाचा तक्ता, वजनाची छायाचित्रे आणि यंत्राच्या पडद्याचे संपूर्ण चित्रण पाठवलेले असताना त्यांना व्होल्टेज हवे होते. ते पाठवताच उत्तर आले की सेल ४.१ व्होल्ट दाखवत आहे, अर्थात वस्तू चालू स्थितीत आहे, तक्रार बंद करण्यात येत आहे. पेलाभर पाणी आणि टाकीभर पाणी यांची पातळी एकच असू शकते, तसेच लहान सेल आणि मोठा सेल दोन्ही पूर्ण भरले की ४.२ व्होल्टच दाखवतात, हे मी तीन वेळा, तीन वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांना लिहून समजावले. प्रत्येक वेळी तेच साचेबंद उत्तर आले. चौथ्या वेळी नवे कारण मिळाले : सेलवर वेल्डिंगच्या खुणा असल्यामुळे माल वापरलेला आहे आणि तो परत घेता येणार नाही. जोडल्याशिवाय पॅकचा दोष कळणार कसा, याचे उत्तर कोणी दिले नाही. म्हणून सांगतो, वेल्डिंगचा एक ठिपका उमटण्याआधी किमान दोन सेल पूर्ण भरून आणि रिकामे करून मोजा. यंत्र नसेल तर ठरावीक रोधक, घड्याळ आणि मल्टिमीटर एवढ्यावरही दहापट खोटेपणा सहज उघडा पडतो.

बँकेने सांगितले की व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केला आणि वस्तू पोहोचली, त्यामुळे ही फसवणुकीच्या व्याख्येत बसत नाही. ऑनलाइन गुन्ह्यांची नोंद घेणाऱ्या कक्षातील अधिकाऱ्याने सेल हातात घेऊन पाहिला आणि विचारले, की हा चालतो ना? चालतो, असे म्हणावे लागले. ग्राहक तक्रारींच्या कार्यालयाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल मागितला. त्या चाचणीचे शुल्क माझ्या संपूर्ण खरेदीच्या सव्वादोन पट होते. प्रत्येक खिडकीवर माणसे सौजन्याने बोलली, पण वजनाचा काटा समोर ठेवून अस्सल सेल आणि हा सेल शेजारी शेजारी मोजून पाहायला एकही जण तयार झाला नाही. एका मिनिटाचे काम होते. किराणा मालाचे वजन कमी भरले तर ते माप खोटे ठरते, मग क्षमतेचा आकडा नऊपट वाढवून छापणे केवळ ‘वर्णनातील तफावत’ कसे ठरते, हे मला अजून समजलेले नाही.

अनुभवी माणसाने असे फसावे का, असे मला दोघांनी तोंडावर विचारले. माझे म्हणणे एवढेच आहे की रोधक, धारित्र, सेन्सर अशा शेकडो वस्तू मी याच पद्धतीने मागवल्या आणि त्या बरोबर निघाल्या. विश्वास काही एका दिवसात बसलेला नव्हता.

बावीस सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ते मी बॅटरी पुनर्वापरासाठी स्वीकारणाऱ्या केंद्राकडे दिले, कारण ते घरच्या कचऱ्यात टाकणे आगीला निमंत्रण ठरते. दोन ठेवले आहेत. त्यांच्यावर मी काळ्या शाईने ३१.४ आणि ३२.२ ग्रॅम अशी वजने लिहिली आहेत. संकेतस्थळाच्या वरिष्ठ कार्यालयाकडे केलेल्या अपिलाला आज ४१ दिवस झाले, आणि त्यांनी मागितलेच तर हे दोन सेल पाठवायला तयार आहेत.