आगोटीच्या घाईत घेतलेली बॅटरी

दापोली तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या आमच्या वाडीत २०२५ च्या मे महिन्यात तीन घरांनी एकाच टेम्पोवाल्याकडून इन्व्हर्टर आणि बॅटरीचा संच विकत घेतला. पहिले घर माझे होते. उरलेल्या दोन घरांनी ‘गुरुजींनी घेतला, म्हणजे पारखूनच घेतला असणार’ या भरवशावर पैसे मोजले, आणि तिघेही फसलो. माझ्यामुळे दोन शेजाऱ्यांचे पैसे गेले याची बोचणी मनात असल्याने जे घडले ते सविस्तर लिहीत आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा आमच्या भागात विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक दिवस घरात दिवा लागला नाही. तेव्हापासून इन्व्हर्टर ही आमच्याकडे चैनीची वस्तू राहिलेली नाही. माझी सून पुण्यातील एका कंपनीचे काम घरूनच करते. तिचा संगणक आणि इंटरनेटचा मोडेम बंद पडून चालत नाही. आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि पंख्याशिवाय तिला रात्र काढता येत नाही. निसर्गनंतर घेतलेल्या आमच्या जुन्या बॅटरीला पाच वर्षे होत आली होती आणि ती तासाभरातच मान टाकू लागली होती. नवी घ्यायची हे ठरलेलेच होते.

त्यातच त्या वर्षी पाऊस फार लवकर आला. एरवी आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, बेगमी करत असतो; २०२५ मध्ये मान्सून २४ मे रोजी केरळात आणि दुसऱ्याच दिवशी देवगडपर्यंत येऊन पोहोचला, आणि त्याआधीचे चार-पाच दिवसही पावसाचेच गेले. लाकडे भिजली, आंबा झाडावर राहिला आणि वीज दिवसातून चार-चार वेळा जाऊ लागली. नेमक्या त्याच दिवसांत तो टेम्पो वाडीत शिरला. विक्रेत्याने वेळ बरोबर साधली होती, हे आज लक्षात येते.

मागे दहा-बारा बॅटऱ्या, वर निळी ताडपत्री, बरोबर एक पोरगेला मुलगा. बोलणे अत्यंत नम्र. ११०० व्हीएचा ‘प्युअर साइन वेव्ह’ (म्हणजे वीज कंपनीच्या विजेसारखीच वीज देणारा) इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे वीज साठवण्याचे माप) ट्युब्युलर बॅटरी असा संच, जुनी बॅटरी परत दिल्यास १७,५०० रुपयांना. दापोलीच्या दुकानांत याच क्षमतेच्या संचाची किंमत त्याहून पाच-सहा हजारांनी जास्त सांगितली होती. त्याने कारणही दिले, आणि ते अर्धे खरे असल्यामुळे पटले: अशा लेड-ॲसिड (शिसे आणि तेजाबाच्या) बॅटरीवर २८ टक्के जीएसटी लागतो, पक्के बिल न घेतल्यास तो वाचतो. त्या वेळी कराचा दर खरोखरच तेवढा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. ‘गुरुजी, कागदाला काय करायचे आहे, मी दर महिन्याला या बाजूला येतोच,’ असे तो म्हणाला. मी कोऱ्या पॅडवर लिहिलेली एक चिठ्ठी घेतली. तिच्यावर रक्कम होती. दुकानाचा पत्ता, जीएसटी क्रमांक, बॅटरीचा अनुक्रमांक यांपैकी काहीही नव्हते.

बॅटरीच्या अंगावरचे लेबल एका नामांकित कंपनीच्या नावाशी एका अक्षराच्या फरकाने जुळणारे होते. चष्मा ओटीवर होता आणि मी माजघरात उभा होतो. ते अक्षर मी पाहिले नाही.

दोन गोष्टी मात्र त्याच वेळी खटकल्या होत्या, आणि त्या मनावर घेतल्या असत्या तर पुढचे टळले असते. पहिली म्हणजे, बॅटरीत पाणी कोणते घालायचे असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘विहिरीचे गाळून घातले तरी चालते.’ आमची विहीर जांभ्यात खोदलेली आहे. तिच्या पाण्याने पांढरे धोतर तांबूस होते. बॅटरीत केवळ डिस्टिल्ड वॉटर घालायचे असते, कारण पाण्यातील लोह आणि इतर क्षार आतल्या पट्ट्या बिघडवतात आणि बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप उतरू लागते. ज्याचा हा रोजचा धंदा आहे, त्याला हे ठाऊक नसणे शक्य नाही. दुसरी गोष्ट म्हणजे तो मुलगा बॅटरी देवघराच्या कोनाड्याखाली मांडू लागला. आईने देवाजवळ तेजाबाची वस्तू नको म्हणून त्याला हटकले आणि बॅटरी पडवीत गेली. चार्ज होताना अशा बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो आणि तो पेट घेणारा असतो. आमच्या देवघरात रात्रभर समई तेवत असते. जाणकार माणूस तिथे बॅटरी ठेवायला निघालाच नसता.

मी ११,५०० रुपये यूपीआयने दिले, ६,००० रोख दिले, आणि आमची जुनी बॅटरी टेम्पोत चढली.

‘फ्रिजसकट सगळे घर आठ तास चालेल,’ असे त्याने सांगितले होते. हा हिशेब मी पैसे देण्यापूर्वी करायला हवा होता. प्राथमिक शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला तो कठीण नव्हता. १२ व्होल्ट आणि १५० एएच यांचा गुणाकार १८०० वॅट-तास होतो. तोही कागदावर, कारण घरगुती बॅटरीवरचा एएचचा आकडा बहुधा ती वीस तासांत सावकाश रिकामी केली तर काय मिळेल याचा असतो; भार वाढला की हाती येणारी वीज कमी होते. शिवाय काही वीज इन्व्हर्टरमध्येच खर्च होते आणि बॅटरी अगदी तळापर्यंत उतरवणेही योग्य नसते. हे सारे वजा जाता हाती हजार-अकराशे वॅट-तास उरतात. आमचे दोन पंखे प्रत्येकी ७५ वॅटचे, चार एलईडी दिवे, मोडेम, संगणक आणि टीव्ही मिळून भार सव्वातीनशे वॅटच्या आसपास जातो. म्हणजे बॅटरी अस्सल आणि नवी असती तरी तीन ते साडेतीन तासच मिळाले असते. फ्रिज यात धरलेलाच नाही. त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो. तसेच ११०० व्हीए म्हणजे ११०० वॅट नव्हे. अशा इन्व्हर्टरवर प्रत्यक्षात साधारण ७०० ते ९०० वॅट एवढाच भार टाकता येतो, आणि नेमका आकडा यंत्राच्या पाटीवर वेगळा छापलेला असतो. आमच्या यंत्रावर तो छापलेलाच नव्हता.

दोन रात्रींनी नऊच्या सुमारास वीज गेली. पहिल्या क्षणीच सुनेचा संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि तिचे जतन न केलेले काम गेले. चांगला इन्व्हर्टर यूपीएस मोडवर असला की संगणकाला कळायच्या आत बॅटरीवर जातो. इथे ते झाले नाही. मग दोन्ही पंख्यांमधून भुंगा कोंडल्यासारखा आवाज येऊ लागला. आईने खोलीतून हाक मारून पंख्यात काय अडकले आहे म्हणून विचारले. काहीच अडकलेले नव्हते. साइन वेव्ह म्हणून विकलेले यंत्र स्क्वेअर वेव्हचे होते. अशा विजेवर दिवा जळतो आणि मोबाइल चार्ज होतो, परंतु पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप अशी मोटार असलेली उपकरणे गुरगुरतात, तापतात आणि त्यांचे आयुष्य घटते. चाळीस मिनिटांनी यंत्र ओरडू लागले आणि सगळे बंद झाले.

दुसऱ्या दिवशी फोन लावला, तेव्हा तो तितक्याच नम्रपणे म्हणाला की नवी बॅटरी चार-पाच वेळा पूर्ण चार्ज होऊन उतरली की तिची ताकद वाढते. या म्हणण्यातही थोडे तथ्य आहे, आणि त्या थोड्या तथ्याच्या आधारावर त्याने माझे दहा दिवस खाल्ले. अकराव्या दिवशी फोन बंद झाला तो कायमचा.

मग मी दापोलीतील एका जुन्या बॅटरी कारागिराला घरी आणले. त्याने प्रथम काहीही न उघडता बॅटरी उचलून पाहिली आणि ‘गुरुजी, ही फार हलकी आहे,’ एवढेच म्हटले. आमच्या शेजारी काजू बी खरेदी करणाऱ्याचा वजनकाटा आहे. त्यावर बॅटरी ३७ किलो भरली. ॲसिडसह १५० एएचची उंच ट्युब्युलर बॅटरी साधारण ५० ते ६० किलोंच्या दरम्यान भरते, कारण तिची क्षमता आतल्या शिशावर अवलंबून असते आणि शिसे हे जडच असते. (लिथियमची बॅटरी मुळातच हलकी असते, तिला हे माप लावू नये.) त्यानंतर त्याने सहाही बुचे काढून एकेका कप्प्यात हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजणारी काचेची नळी, बुडवला. पूर्ण चार्ज झालेल्या चांगल्या बॅटरीत काचेतील तरंगता दांडा १.२४० च्या पुढे उभा राहायला हवा, आणि सर्व कप्प्यांत जवळपास सारखा. आमच्या चार कप्प्यांत तो १.२०० च्या घरात होता; उरलेल्या दोन कप्प्यांत तो १.१५० च्याही खाली होता. त्या दोन कप्प्यांतले पाणी चहासारखे तपकिरी दिसत होते.

शेवटी त्याने ओल्या फडक्याने लेबलाचा कोपरा चोळला. लेबल सहज सुटले. खाली दुसऱ्या लेबलाच्या गोंदाचे चौकोनी डाग होते, आणि जिथे कारखान्यात अनुक्रमांक व तारीख कोरलेली असते तिथे प्लास्टिक घासून गुळगुळीत केलेले होते. ती कोणाची तरी टाकून दिलेली जुनी बॅटरी होती. धुऊन, ॲसिड बदलून, नवे लेबल चिकटवून ती माझ्या दारात आली होती. कारागीर म्हणाला, ‘तुमची जुनीही आता अशीच कोणाच्या तरी घरी गेली असेल.’ ते वाक्य मला फार लागले, कारण त्या बॅटरीच्या बदल्यात कमी झालेली किंमत मी फायदा म्हणून मोजली होती.

तक्रार करायला निघालो तेव्हा पक्क्या बिलाची किंमत कळली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला. त्यांनी सर्व माहिती नीट उतरवून घेतली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही, आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे, परंतु तक्रार कोणाविरुद्ध, हे लिहावे लागते. माझ्याजवळ नाव होते ते चिठ्ठीवरचे. यूपीआयच्या नोंदीत खातेदाराचे नाव निराळेच निघाले. तीच नोंद आज माझा एकमेव भक्कम पुरावा आहे, आणि तिच्या आधारे आम्ही तिघांनी मिळून पोलीस ठाण्यात फसवणुकीचा लेखी अर्ज दिला आहे. रोख दिलेल्या सहा हजारांचा मात्र कुठेही मागमूस नाही. ज्यांना घासाघीस करून काही रक्कम रोख देण्याची सवय आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

वॉरंटीबद्दलही एक सांगणे आवश्यक आहे. त्या लेबलावर ‘६० महिने’ असे ठळक छापले होते. खऱ्या कंपन्यांच्या बॅटरीवरही असे आकडे असतात, परंतु त्यांतील काही महिने मोफत बदलून देण्याचे आणि उरलेले केवळ नव्या बॅटरीच्या किमतीत सवलत देण्याचे असतात. ही फोड वॉरंटी कार्डावर लिहिलेली असते. कार्डावर विक्रेत्याचा शिक्का, विक्रीची तारीख आणि बॅटरीवर कोरलेला तोच अनुक्रमांक नसेल, तर त्या कार्डाचा काहीही उपयोग होत नाही.

जुलैमध्ये आम्ही दापोलीतील दुकानातून दुसरा संच घेतला. या वेळी दुकानातच काट्यावर वजन केले, अनुक्रमांक बिलावर लिहून घेतला, कंपनीच्या क्रमांकावर त्याची नोंदणी करूनच पैसे दिले, आणि यंत्र घरी जोडल्यावर प्रथम पंखा लावून त्याचा आवाज ऐकला. दोन जुने पंखे काढून ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे) पंखे बसवले. त्यामुळे बॅटरी न वाढवता वेळ वाढला. मोडेमसाठी १२ व्होल्टचा छोटा स्वतंत्र यूपीएस घेतला, म्हणजे इन्व्हर्टर दगावला तरी सुनेचे काम अडत नाही. खाऱ्या हवेने बॅटरीच्या टोकांवर हिरवट पांढरी बुरशी चढते, म्हणून महिन्यातून एकदा ती पुसून व्हॅसलीन लावतो.

ती बनावट बॅटरी अजून पडवीच्या कोपऱ्यात, जुन्या गोणपाटाखाली आहे. भंगारवाला दोनदा मागून गेला. अर्जाचा निकाल लागेपर्यंत ती द्यायची नाही असे आम्ही तिन्ही घरांनी ठरवले आहे. सुटलेले लेबल एका पाकिटात घालून तिच्याजवळच ठेवले आहे.