जुनी फियाट घाटात बंद पडते: पंप बदलू, फॅन बदलू की आहे तेच नीट करू?

वाईवरून पाचगणीला जाताना पसरणीच्या घाटात, अर्ध्या वाटेत, गाडीने दोन-चार आचके दिले आणि बंद. टेम्परेचरचा काटा मधोमध निवांत. वीस मिनिटं कठड्यावर बसलो, मग हाफ सेल्फला सुरू. माझ्या १९७२ च्या फियाटने हा प्रकार तीनदा केला आणि तिन्ही वेळा गॅरेजवाल्याने रेडिएटर खोलून रॉडिंग (नळ्यांतून सळई घालून सफाई) करून दिलं, पैसे घेतले, आणि गाडी परत तिथंच.

तर आधी हे ठरवा की तापतंय काय, इंजिन की पेट्रोल. काटा वर चढला, बॉनेटमधून वाफ आली, तर पाण्याचा प्रॉब्लेम. काटा ठीक आहे पण गाडी पेट्रोल संपल्यासारखी मरते आणि थंड झाली की काही झालंच नाही असं चालते, तर बहुतेक व्हेपर लॉक, म्हणजे पेट्रोलची नळीतच वाफ होऊन पुरवठा अडणं. बहुतेक म्हणतोय कारण स्पार्क देणारा तापलेला कंडेन्सर किंवा कॉइलही अगदी हेच नाटक करते. टेस्ट सोपी आहे, गाडी बंद पडल्या पडल्या एअर क्लीनर काढून कार्ब्युरेटरच्या घशात बघा आणि हाताने थ्रॉटल ओढा, पेट्रोलची पिचकारी दिसली तर पेट्रोल पोचतंय, स्पार्ककडे वळा, पंपाला हात लावू नका. (बिडीवाल्या मित्राला लांब उभा करा.)

आता पंपाचं. ओरिजिनल मेकॅनिकल पंप इंजिनला चिकटून बसतो आणि टाकी मागे डिकीत, म्हणजे हा बिचारा मागून पेट्रोल ओढतो. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० डिग्रीलाच उकळायला लागतात, त्यात ओढण्यामुळे नळीतलं प्रेशर आणखी कमी होतं, म्हणजे अजून लवकर वाफ. पंपातल्या डायफ्रामला (हलणाऱ्या पडद्याला) पातळ पदार्थ ओढता येतो, वाफ नाही, तो नुसता हलत राहतो. जुने ड्रायव्हर घाटात पंपावर ओलं फडकं टाकायचे ते याच्यासाठीच आणि ते अजूनही चालतं. इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ लावतात, तो पेट्रोल ढकलतो, नळीत प्रेशर राहतं त्यामुळे वाफ व्हायला जास्त तापमान लागतं.

ऐकायला इलेक्ट्रिकच भारी वाटतो, पण त्याच्या अटी आहेत. कार्ब्युरेटरला २ ते ४ पीएसआय प्रेशर पुरतं, इंजेक्शनच्या गाडीचा पंप ४० च्या वर देतो, तो कुणी स्वस्तात बसवून दिला तर कार्ब्युरेटरमधे पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह दाबून पेट्रोल बाहेर येईल आणि खाली गरम इंजिन. दुसरं, ॲक्सिडेंट झाला तरी हा पंप चालूच राहतो, म्हणून इनर्शिया स्विच (धक्का बसला की पंप बंद करणारा) किंवा ऑइल प्रेशरवर बंद होणारा कटऑफ हवाच. तिसरं कोणी सांगत नाही: जुना पंप लाइनमधे तसाच ठेवून मागे इलेक्ट्रिक जोडू नका, डायफ्राम फाटला तर इलेक्ट्रिक पंप सगळं पेट्रोल सम्पमधे, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात भरेल. जुना काढा, तिथे प्लेट मारा.

मेकॅनिकलच ठेवायचा असेल तर नवीन डायफ्राम, पंप आणि ब्लॉकच्या मधला बेकेलाइटचा जाड स्पेसर शाबूत आहे का ते बघणं, आणि पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या बाजूने जात असेल तर लांब घेणं, एवढ्यात निम्म्या गाड्या सुधारतात. डिपस्टिकचा वासही घेत जा, ऑइलला पेट्रोलचा वास म्हणजे डायफ्राम गेला.

महिन्यातून एकदा रविवारी सकाळी फिरवणार असाल तर माझं मत मेकॅनिकल. उन्हाळ्यात खंबाटकी, कात्रज करणार, सिग्नलला उभे राहणार, तर इलेक्ट्रिक.

फॅनबद्दल लोक फार उत्साही असतात. बेल्टवरचा फॅन इंजिन स्लो असताना हळू फिरतो हे खरं, म्हणून ट्रॅफिकमधे काटा चढतो आणि घाटात नाही चढत असं असेल तर इलेक्ट्रिक फॅनचा उपयोग आहे. पण जुन्या फियाटला डायनामो असेल तर तो आयडलला जेमतेम चार्ज करतो, म्हणजे फॅनची जिथे गरज तिथेच बॅटरी रिकामी. आधी अल्टरनेटर, मग फॅन. उलट घाटात चढताना तापत असेल तर फॅन नको, रेडिएटर चोक, स्पार्कचं टायमिंग मागे गेलेलं किंवा मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) यातलं काहीतरी आहे. आणि थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून फेकायचा सल्ला देणाऱ्याला चहा पाजा आणि घरी या.

पाणी की कूलंट? कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. साधं पाणी उष्णता चांगली नेतं पण आतून गंज आणि क्षार बसवतं. रेडिएटर कॅपचा रबर बघा, एक पीएसआय प्रेशर म्हणजे उकळबिंदू साधारण दीड डिग्री वर.

पेट्रोल मात्र आता आपल्या हातात नाही, पेट्रोल पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं आलंय. इथेनॉलमुळे मिक्श्चर लीन होतं म्हणजे इंजिन आणखी गरम, जुने रबर फुगतात, टाकीतला गंज सुटून फिल्टरमधे येतो. जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल म्हणजे कमी इथेनॉल असं समजू नका, इथेनॉलनेही ऑक्टेन वाढतो. नळ्या आणि डायफ्राम इथेनॉल सहन करणारे घ्या, कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक साइज मोठा करून प्लगचा रंग बघा, आणि गाडी दोन महिने उभी ठेवणार असाल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका.

मी शेवटी इलेक्ट्रिक बसवला, फॅन ओरिजिनलच. काढलेला पंप, दोन गॅस्केट आणि एक जुना पंचा डिकीत असतो, कारण इलेक्ट्रिक पंप जातो तेव्हा आचके देऊन सूचना करत नाही, सरळ जातो, आणि वाईत रविवारी संध्याकाळी तो मिळत नाही.