'डिस्क लॉक' मागवलं आणि आलं भलतंच: पिकिंगच्या छंदातली फसवणूक

कुलूप-पिकिंगच्या, म्हणजे किल्लीशिवाय कुलूप उघडण्याच्या, छंदात नव्याने आलेल्या माणसाचे पैसे बहुतेक वेळा एका शब्दापायी जातात. तो शब्द म्हणजे 'डिस्क'. ऑनलाइन दुकानात 'डिस्क लॉक हाय सिक्युरिटी' असं टाकून शोधलं की चार निरनिराळ्या वस्तू एकाच रांगेत येतात. मोटरसायकलच्या ब्रेकच्या चकतीत अडकवायचं कुलूप, बाहेरून गोल थाळीसारखं पण आत साध्या पिनांचं सिलिंडर असलेलं कुलूप, ऑफिसच्या ड्रॉवरला असते तशी पातळ पानांची रचना (तिलाही इंग्रजीत डिस्क टम्बलरच म्हणतात), आणि शेवटी आपल्याला हवं असलेलं डिस्क डिटेनर. विकणाऱ्याने शब्दात खोटं काहीच लिहिलेलं नसतं. त्यामुळे परत करायला गेलं की 'डिस्कच लिहिलं होतं, डिस्कच पाठवलं' असं उत्तर येतं आणि गिऱ्हाईक गप्प बसतं.

डिस्क डिटेनरची रचना १९०७ साली हेलसिंकीत एमिल हेन्रिक्सन यांनी शोधली. पुढे फिनलंडच्या अब्लॉय कंपनीचं नाव तिच्याशी कायमचं जोडलं गेलं. सिलिंडरच्या गाभ्यात एकामागे एक चकत्या बसवलेल्या असतात आणि प्रत्येक चकतीच्या कडेला एक खाच असते. किल्लीवरचे काप वेगवेगळ्या कोनांचे असतात. किल्ली फिरवली की प्रत्येक चकती आपापल्या कापाप्रमाणे कमी-जास्त फिरते, सगळ्या खाचा एका रेषेत येतात आणि वर टेकलेली साइडबार नावाची आडवी सळी त्यांत उतरते. ती उतरली की गाभा फिरायला मोकळा. चकत्यांना स्प्रिंग नसते, म्हणून बम्प किल्लीचा (ठोका देऊन पिना उडवणाऱ्या किल्लीचा) ठोका इथे चालत नाही, आणि धूळ किंवा कडाक्याची थंडीही या कुलपाला सहसा अडवत नाही.

पिकिंग म्हणजे किल्लीचं हेच काम एकेक चकती चाचपत करणं. एका चकतीवरून गाभ्यावर हलका ताण ठेवायचा. साइडबार चकत्यांवर दाबली जाते, त्यातली एखादी अडकते, तीच फिरवायची. चांगल्या कुलपात खऱ्या खाचेच्या आजूबाजूला उथळ, खोट्या खाचाही कापलेल्या असतात. साइडबार त्यांत किंचित उतरते आणि चकती बसल्याचा भास होतो. खरी खाच आणि खोटी खाच यांतला फरक बोटांना कळू लागणं, हाच या छंदाचा सगळा आनंद आहे. फसवणुकीत नेमकं हेच हिरावलं जातं.

कारण शब्दाच्या पहिल्या चाळणीतून जाऊन खरोखरच चकत्यांचं कुलूप हाती आलं, तरी आत काय वाचवलंय हे बाहेरून दिसत नाही. बनवणारा सगळ्यात आधी वाचवतो ते चकत्यांमधले पातळ वॉशर. चांगल्या कुलपात दोन चकत्यांच्या मध्ये न फिरणारा वॉशर असतो, त्यामुळे एक चकती फिरवताना शेजारची जागची हलत नाही. तो काढून टाकला की चकत्या एकमेकींना घासतात. पाचवी फिरवली की बसलेली चौथी ओढली जाते. शिकणाऱ्याला वाटतं, आपला हात जड आहे. महिना महिना तो ताण कमी-जास्त करत बसतो आणि शेवटी छंदच सोडून देतो. दोष हाताचा नसतो. अशा कुलपावर तासन्‌तास घालवणारे लोक पाहिले की जीव तुटतो, म्हणूनच हे इतकं सविस्तर लिहितो आहोत.

त्यानंतर वाचवल्या जातात खोट्या खाचा आणि कामाच्या चकत्या. 'नऊ चकत्यांचं' म्हणून विकलेल्या कुलपाची किल्ली नीट पाहा. नऊ जागांपैकी पाच कोऱ्या असतील, तर त्या पाचही चकत्या किल्लीबरोबर शेवटपर्यंत फिरतात. म्हणजे त्यांच्या खाचा कुठे आहेत हे कुलूप हातात घेण्याआधीच ठाऊक असतं. उरतात चार. असं कुलूप पाच मिनिटांत उघडतं आणि उघडणाऱ्याला वाटतं की आपण उच्च सुरक्षेचं कुलूप उघडलं. पहिल्या प्रकारात हिंमत खचते, या प्रकारात खोटा विश्वास येतो, आणि असंच कुलूप कुणीतरी दुकानाच्या शटरलाही लावलेलं असतं.

किल्ल्यांचे प्रकार कमी ठेवणं ही तिसरी काटकसर. एकाच विक्रेत्याकडून तीन कुलपं घेतली तर प्रत्येकाची किल्ली उरलेल्या दोघांत घालून पाहायची. ती फिरली तर कुलपांचा बाकी काही विचार करायची गरजच नाही. जाहिरातीच्या फोटोत किल्ली स्पष्ट दिसत असेल तरीही सावध व्हा. काप किती कोनाचा आहे हे चांगल्या फोटोवरून काढता येतं. सरावाला असं कुलूप चालेल, दाराला नको. विक्रेत्याकडे फोटो मागायचाच तर किल्लीच्या छिद्राचा समोरून मागा. डिस्क डिटेनरमध्ये छिद्रातून डोकावलं की एकामागे एक गोल चकत्यांच्या कडा दिसतात. बहुतेकांची किल्ली अर्धगोल किंवा जाड दांड्यासारखी असते. बाजूने करवतीसारखे दात असलेली चपटी किल्ली दिसली, तर आत पिना किंवा पानं आहेत.

पार्सल उघडताना पहिल्यापासून व्हिडिओ काढा, आणि तपासणीचा क्रम असा ठेवा की खूण उमटणारी चाचणी सगळ्यात शेवटी येईल. ओरखडा दिसला की 'वापरलेला माल' म्हणून परतावा नाकारतात. आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि बनवणाऱ्याने दिलेल्या वजनाशी ताडून पाहा. मग चुंबक लावा. 'कठीण पोलादी बॉडी' लिहिलं असेल तर चुंबक घट्ट चिकटायलाच हवं. ते बॉडीला चिकटत नाही आणि फक्त कडीला चिकटतं, तर वरचा चकचकीत मुलामा बहुतेक ओतीव जस्ताच्या मिश्रधातूवर आहे. स्टेनलेस लिहिलं असेल तर मात्र चुंबकावर निकाल देऊ नका, कारण स्टेनलेसच्या काही प्रतींना चुंबक जेमतेम लागतं.

मग कडी उघडून तिचे दोन्ही पाय आतून पाहा. खाच एकाच पायाला असेल तर कडी एकाच बाजूने धरलेली आहे. मजबूत कुलपात दोन्ही पायांना खाचा असतात आणि त्यांत पोलादी गोळ्या बसतात. शेवटी, कुलूप ठेवूनच घ्यायचं ठरलं तर, कडीचा जो भाग बंद असताना आत जातो तिथे कानशीची एक हलकी ओढ द्या. पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून एकदम थंड करून कठीण केलेल्या, पोलादावर कानस घसरते. ती चावली, भुगा निघाला, तर कडी मऊ लोखंडाची आहे.

पेटीवरच्या श्रेणीबद्दलही एवढंच. कुलपांसाठी युरोपात ईएन १२३२० हे मानक आहे, त्यात १ ते ६ श्रेणी असतात आणि ६ सगळ्यात वरची. नुसतं 'ग्रेड ६' छापायला काहीच लागत नाही. मानकाचा क्रमांक, मॉडेलचं नेमकं नाव आणि त्याच मॉडेलचं प्रमाणपत्र, या तिन्ही गोष्टी जुळत असतील तरच ते लिहिणं धरायचं.

कुलपापेक्षा मोठी लूट हत्यारांत आहे. 'सगळी डिस्क कुलपं उघडणारं पिक' असं काही नसतं. काही कुलपांत ताण पहिल्या चकतीवरून द्यावा लागतो, काहींत शेवटच्या. पहिल्या प्रकारात बाहेरची नळी ताण देते आणि आतली सळई चकत्या फिरवते; दुसऱ्यात उलट. विक्रेता आपलं पिक कोणत्या प्रकारचं आहे हे सांगत नसेल, तर ते घेऊच नका. त्याखेरीज टोकाची जाडी मागा. टोक एका चकतीपेक्षा जाड असेल तर एकदम दोन चकत्या फिरतात, आणि तसं पिक कितीही सुबक दिसलं तरी निरुपयोगी आहे. दांड्यावर खोलीच्या खुणा नसतील तर आपण कितव्या चकतीवर आहोत हे कळत नाही. ती उणीव मात्र कॅलिपर (बारीक मापं घेण्याचं साधन) आणि टोकदार सुईने घरी भरून काढता येते.

म्हणूनच बरेच जण पिक घरी बनवतात, आणि आता तिथेही 'स्वतः बनवा' म्हणून सुट्या भागांचा संच विकणारे पोचले आहेत. संचात सळई २.५ मिमीची आणि नळी आतून ३ मिमीची निघते. अर्धा मिलिमीटर मोकळीक म्हणजे नळीत सळई डुलणार, टोक शेजारच्या चकतीत शिरणार. मोकळीक ०.१ मिमीच्या आसपास हवी: सळई सहज सरकावी, पण आडवी हलू नये. दुसरी थाप 'हीट ट्रीटेड स्टेनलेस स्पोक' ही. सायकलच्या स्पोकचं नेहमीचं स्टेनलेस तापवून पाणी दिल्याने कठीण होत नाही, उलट तापवल्यावर मऊच पडतं. शिवाय २ मिमीचा स्पोक ताणाखाली पिळवटतो आणि चकतीचा बारीक टिचका बोटापर्यंत येतच नाही.

त्यापेक्षा मुंबईत नागदेवी स्ट्रीटसारख्या हत्यारांच्या बाजारातून सिल्व्हर स्टीलची (नावात चांदी असली तरी हे पाणी देऊन कठीण होणारं पोलाद) सळई स्वतः कॅलिपर लावून घ्या. तिचा एक तुकडा कापून लालबुंद तापवा आणि तेलात बुडवा. इतक्या बारीक सळईला तेल पुरतं. थंड झाल्यावर कानस घसरली तर माल खरा. चावली तर दुकानदाराने साधं लोखंड दिलंय, आणि तुकडा हातात असताना बदलून मागता येतं. टोक कानशीने घडवून झाल्यावर पाणी द्या, पण तसंच वापरू नका. नुसतं पाणी दिलेलं टोक काचेसारखं तुटतं आणि तुकडा चकत्यांमध्ये अडकून कुलूप वाया जातं. टोक घासून चकचकीत करा आणि मागून हळूहळू तापवत न्या. रंग पिवळसर, मग तपकिरी, मग निळा होतो. सुमारे ३०० अंशाला निळा येतो, तिथे थांबा.

जुन्या बाजारातली 'किल्ली हरवलेली, अस्सल फिनलंडची' कुलपं हा निराळा सापळा. त्यातल्या कितीतरी कुलपांतून साइडबार आधीच काढलेली असते, किंवा कुणीतरी गाभ्यात गोंद ओतलेला असतो. घेण्याआधी बारीक तारेने छिद्रातल्या चकत्या हलवून पाहा. एकही हलत नसेल किंवा सगळ्या एकदमच सैल फिरत असतील, तर ठेवून द्या. आणि ज्या कुलपावर एखाद्या खात्याचा, वीज कंपनीचा किंवा कंटेनरचा क्रमांक कोरलाय, ते स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. ते चोरीचं असू शकतं. या छंदात दोन नियम पक्के आहेत: कुलूप आपलं असावं, आणि ते कुठेही वापरात नसावं. त्यांत पळवाट नाही.

फसवणूक झालीच असेल तर नुसतं वाईट परीक्षण लिहून थांबू नका. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. ऑनलाइन दुकानाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. तक्रारीत 'कुलूप खोटं आहे' असं लिहू नका, त्यावर वाद घालता येतो. 'जाहिरातीत पोलादी बॉडी लिहिली होती, चुंबक चिकटत नाही, व्हिडिओ जोडला आहे' असं लिहा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. विक्रेत्याने ऑनलाइन दुकान सोडून बाहेर व्यवहार करायला लावून थेट यूपीआयने पैसे घेतले आणि तो गायब झाला असेल, तर हा ग्राहक तक्रारीचा मामला उरत नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, त्याच दिवशी. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचा यूपीआय पत्ता समोर लिहून ठेवा.