स्टीम मार्केटवर सहा महिने स्किन विकल्यावर: त्या १५ टक्क्यांचा हिशेब

काउंटर-स्ट्राइक २ या नेमबाजीच्या गेममधल्या स्किन, म्हणजे शस्त्रांची रंगरूपं, खेळाडू एकमेकांना स्टीम मार्केटवर विकतात. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान; ते आणि हा गेम, दोन्ही वॉल्व्ह कंपनीचे. पहिली तक्रार कपातीची. ५ टक्के स्टीमचे, १० टक्के गेमचे. दोन्ही खिसे वॉल्व्हचेच, एक डावा, एक उजवा.

विकणाऱ्याच्या पदरात १,००० रुपये पडायचे तर घेणाऱ्याने १,१५० मोजायचे. हाती किती येणार हे काढताना १,१५० मधून १५ टक्के वजा करू नका, १.१५ ने भागा. आणि १,१५० ला घेतलेल्या स्किनची नुसती मुद्दल सुटायला ती १,३२२.५० ला विकावी लागते. भाव दहा टक्के वाढला म्हणून हुरळून विकलं, तर तो तोटाच.

बरं, ते हजारही स्टीमच्या वॉलेटमध्येच. बँकेत नेता येत नाहीत. म्हणून लोक बाहेरच्या साइट गाठतात. तिथे कपात कमी आणि रोख हाती येते, पण स्टीमच्या अटींत हे बसत नाही आणि पैसे बुडाले तर स्टीमकडे दाद नाही.

ट्रेडमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या थेट देवाणघेवाणीत, आलेला माल सात दिवस पुढे देता येत नाही, हे २०१८ पासूनचं. जुलै २०२५ मध्ये त्यावर ट्रेड प्रोटेक्शन (त्या सात दिवसांत ट्रेड उलटवायची सोय) आलं, तेव्हा वाटलं, आणखी एक कटकट. ऑक्टोबरमध्ये तर पाच कोव्हर्ट (लाल, वरच्या दर्जाच्या स्किन) देऊन दुर्मिळ नाइफ, म्हणजे सुरा, मिळायला लागला, नाइफचे भाव कोसळले आणि सात दिवसांच्या कुलपातला माल मालक नुसते बघत बसले.

तरी ट्रेड प्रोटेक्शनबद्दल आता मत बदललंय, कारण एपीआय की, म्हणजे खात्यावरच्या ऑफर प्रोग्रामकडून हाताळू देणारी किल्ली. खोट्या लॉगिन पानावर पासवर्ड दिला की चोर तुमच्या खात्यावर की तयार करतो, खरी ऑफर रद्द करतो आणि त्याच नावाफोटोच्या बॉटकडून (आपोआप चालणाऱ्या खात्याकडून) दुसरी पाठवतो. तुम्ही मोबाइलवर डोळे झाकून होकार देता. पूर्वी माल गेला तो गेलाच. आता सात दिवसांत ट्रेड उलटवता येतो. आधी सगळी उपकरणं लॉगआउट करा, पासवर्ड बदला, की रद्द करा, मगच उलटवा. मात्र त्या सात दिवसांतले सगळेच संरक्षित ट्रेड उलटतात, निवड करता येत नाही, आणि पुढचे ३० दिवस ट्रेड नि मार्केट बंद.

यात एक मेख आहे. ओळखीत यूपीआयवर सौदा केला, तर धोका आता घेणाऱ्याच्या गळ्यात. विकणारा पैसे घेऊन पाचव्या दिवशी ट्रेड उलटवू शकतो. आठवडा उलटेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका.

स्वस्त स्किन विकायच्या भानगडीत तर पडूच नये. डॉलरमध्ये सगळ्यात लहान विक्री ३ सेंटची. एक सेंट स्टीमचा, एक गेमचा, एक तुमचा. १५ टक्के म्हणे!