शिल्लक उणे १४२!

रावेरच्या एका बँकेतलं माझं बचत खातं. दोन तारे देतोय, तेही पासबुक छापून देणाऱ्या ताईंसाठी.

केळीचे पैसे पोरीच्या फीला गेले, खात्यात २१२ रुपये उरले. पोळ्यानंतर पासबुक भरायला गेलो तर शेवटची ओळ उणे १४२. किमान शिल्लक नाही म्हणून दंड ३००, वर जीएसटी ५४. न उचललेल्या पैशांचा मी देणेकरी! साहेब म्हणे, "काका, सिस्टीमच कापते." रिझर्व्ह बँकेचा १ एप्रिल २०१५ पासूनचा नियम त्या सिस्टीमला कोणी सांगितला नसावा: आधी कळवायचं, महिन्याची मुदत द्यायची, आणि निव्वळ या दंडापायी बचत खातं उण्यात न्यायचं नाही. मला ना मेसेज, ना पत्र.

लेखी अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली (शिक्क्याची शाई वाळलेली, तीनदा मारावा लागला). तीस दिवसांत उत्तर नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन, तिथं फुकटात तक्रार होते, हेही त्यात लिहिलं. सव्विसाव्या दिवशी ३५४ रुपये परत. माफी वगैरे काही नाही.

आता तिथंच किमान शिल्लक न लागणारं मूलभूत बचत खातं करून घेतोय. असं खातं असतं, हे कोणी आपणहून सांगत नाही.