फॅको शिकण्यासाठी बकऱ्याच्या डोळ्यांची वेट लॅब: काही महिन्यांच्या वापरानंतर

एसआयसीएसवर (छोट्या चिरेतून हाताने मोतीबिंदू काढण्याची पद्धत) हात बसलेल्या सर्जनला फॅकोकडे (अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून ओढून घेण्याची पद्धत) वळायचं असेल, तर पहिला सराव पेशंटच्या डोळ्यावर होता कामा नये, यावर आता दुमत नाही. अडचण असते ती सराव करायचा कुठे, ही. परिषदेतली वेट लॅब (प्राण्यांच्या डोळ्यांवर सराव करायची सोय) वर्षाकाठी एकदा, आणि तिथेही एका मायक्रोस्कोपमागे रांग. व्हीआर सिम्युलेटर (आभासी डोळ्यावर सराव करायचं यंत्र) मोठ्या संस्थांकडेच. सिम्युलेटरचा फायदा मात्र खरा आहे. ब्रिटनमध्ये पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या शिकाऊ सर्जनांच्या केसेसमध्ये पोस्टीरियर कॅप्सूल (लेन्सच्या पिशवीची मागची भिंत) फाटण्याचं प्रमाण 2009 मध्ये 4.2 टक्के होतं, ते 2015 पर्यंत 2.6 टक्क्यांवर आलं, आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ही घट आयसी सिम्युलेटरवरच्या सरावाशी जोडली. तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करणाऱ्याला ते यंत्र परवडत नाही. त्याच्या आवाक्यात असतो तो बकऱ्याचा डोळा. गेले काही महिने तो नियमित वापरल्यावरचं मत असं: चीर, रेक्सिस (लेन्सच्या पिशवीला पुढून गोल भोक पाडणं), फुटपेडल आणि व्हिट्रेक्टमी (डोळ्यातली जेली कापून काढणं) यांसाठी याला तोड नाही. न्यूक्लियस (लेन्सचा गाभा) फोडायला शिकायचं असेल, तर आहे तसा डोळा जवळजवळ निरुपयोगी आहे.

सगळ्यात जास्त डोळे खराब होतात ते टेबलावर नव्हे, खाटकाच्या दुकानात. आपल्याकडे मुंडी भाजून देतात. एकदा ज्वाळा लागली की कॉर्निया (बुबुळापुढचा पारदर्शक पडदा) उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा होतो आणि मग कशानेही साफ होत नाही. त्यामुळे मुंडी भाजायच्या आधी डोळे काढून ठेवायला सांगायचं, आणि काढताना स्नायूंचे तुकडे व मागे सेंटिमीटरभर नस ठेवायला सांगायची. हे तोंडी सांगून भागत नाही. एकदा समोर उभं राहून एक डोळा काढून दाखवावा लागतो, पुढे तो माणूस बरोबर देतो. बुधवार, शुक्रवार, रविवार हे वार सोयीचे, कारण माल त्याच सकाळचा असतो. श्रावणात पुरवठा जवळपास थांबतो, तेव्हा व्हिडिओ बघण्याची आणि मशीनच्या सेटिंग्जची सत्रं लावावीत.

डोळे सलाईनने भिजवलेल्या गॉजमध्ये, बंद डब्यात, बर्फावर आणायचे. बर्फात बुडवायचे नाहीत आणि फ्रीझरमध्ये तर कधीच ठेवायचे नाहीत. गोठलेला डोळा वितळला की कॉर्निया धुरकट होतो आणि लेन्सही पांढरी पडते. त्याच दिवशी वापरले तर उत्तम. दुसऱ्या दिवशीच्या डोळ्याचं एपिथेलियम (कॉर्नियाचा सर्वांत वरचा थर) सुजलेलं असतं, ते ब्लेडने हलकेच खरवडून काढलं आणि वर ग्लिसरीनचे थेंब टाकले की बरंच स्पष्ट दिसतं.

तयारीत खरी गोम आहे ती डोळ्याच्या ताणाची. काढलेला डोळा मऊ पडलेला असतो, त्यात केराटोम (चीर देणारं ब्लेड) घातला की कॉर्निया दुमडतो आणि चीर फाटल्यासारखी येते. म्हणून मागून नसेच्या बाजूने 26 गेजच्या सुईने थोडं थोडं सलाईन व्हिट्रियसमध्ये (लेन्समागची जेली) सोडायचं आणि बोटाने दाबून बघायचं. साधारण एक ते दोन मिली पुरतं. घट्ट केला तर मात्र मागचा दाब वाढतो, चेंबर (कॉर्निया आणि लेन्समधली जागा) उथळ होतो आणि रेक्सिस हमखास बाहेर पळतो. नवशिक्याला वाटतं हात चुकला, प्रत्यक्षात डोळाच चुकीचा भरलेला असतो. भरलेला डोळा थर्मोकोलच्या डोक्यातल्या खळग्यात बसवून स्नायूंच्या तुकड्यांतून चार टाचण्या मारल्या की हलत नाही. सपाट थर्मोकोलच्या तुकड्यावर डोळा ठेवून काम करू नये. कपाळाचा उंचवटा नसेल तर मनगट कुठे टेकवायचं, ही सवयच लागत नाही.

चिरेपासूनच एसआयसीएसची सवय आडवी येते. पेशंटच्या डोक्यामागे बसून स्क्लेरल टनेल (डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बोगद्यासारखी चीर) करणाऱ्याला बाजूला बसून क्लिअर कॉर्नियल (थेट कॉर्नियातून) चीर द्यायची असते. बकऱ्याचा कॉर्निया माणसाच्या कॉर्नियापेक्षा जाड, त्यामुळे 2.8 मिमीचा केराटोम आत शिरायला वेळ घेतो आणि टनेल लांब होतो. लांब टनेलमध्ये फॅकोचा प्रोब वळवला की कॉर्नियावर सुरकुत्या येतात आणि समोरचं काही दिसत नाही. लांबी दोन मिलिमीटरच्या आसपास ठेवायची आणि प्रत्येक चीर दिल्यावर स्पंज लावून ती स्वतः बंद होते का ते बघायचं. ही तपासणी बहुतेक जण वगळतात. चीर नीट बंद होत नसेल तर पुढचं सगळं कौशल्य पेशंटला एंडोफ्थॅल्मायटिसपासून (डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग) वाचवू शकत नाही.

आता रेक्सिस. या लॅबचं सगळ्यात मोठं देणं तेच. बकऱ्याची अँटिरियर कॅप्सूल (लेन्सच्या पिशवीची पुढची भिंत) जाड आणि लवचिक असते, लहान मुलांच्या कॅप्सूलसारखी वागते. ओढली की आधी ताणते आणि मग एकदम कडेकडे धावते. बाहुली आडवी असल्याने वरखाली जागा कमी मिळते. अडचण झालीच तर आयरिस थोडी कापून टाकायची, सरावाच्या डोळ्यात त्याने काही बिघडत नाही. 0.06 टक्क्यांचा ट्रिपॅन ब्लू (कॅप्सूल निळी करणारा रंग) टाकून धुवायचा, मग 2 टक्के एचपीएमसीने (व्हिस्को, म्हणजे जागा फुगवून ठेवणारं घट्ट द्रव) चेंबर पूर्ण भरायचा, इतका की लेन्सचा फुगवटा सपाट व्हावा. 26 गेजची सुई वाकवून केलेला सिस्टिटोम मध्यात टोचून फ्लॅप (कॅप्सूलचा सुटलेला पदर) उलटवायचा आणि लक्ष्य तीन-साडेतीन मिलिमीटरचं ठेवायचं, कारण कॅप्सूल ताणलेली असल्याने फाटल्यावर गोल आपोआप मोठा होतो. दर पाव वर्तुळानंतर फ्लॅप नव्याने धरायचा आणि तोही फाटत्या टोकाजवळ. लांबून धरलेला फ्लॅप कुठे जाईल हे तुमच्या हातात राहत नाही.

रेक्सिस पळणारच आहे, तर त्याचाच अभ्यास करावा. ब्रायन लिटल यांनी 2006 मध्ये मांडलेली रेस्क्यू पद्धत शिकायला बकऱ्याच्या डोळ्याइतकी चांगली जागा नाही. टोक कडेकडे धावायला लागलं की थांबायचं आणि आधी व्हिस्को भरायचं. फ्लॅप उलगडून पुन्हा लेन्सवर सपाट पसरायचा, फाटत्या टोकाच्या अगदी जवळ फोर्सेप्सने धरायचा आणि आलो त्या वाटेने मागे, आडव्या पातळीत ओढायचा. ताण बसला की मग मध्याकडे वळवायचं. टोक आत वळतं. चुकतं कुठे, तर लोक फ्लॅप उलगडायचा विसरतात आणि दुमडलेलाच वर उचलतात, की फाटा सरळ इक्वेटरला (लेन्सच्या कडेला). एका बैठकीत मुद्दाम चारेक डोळ्यांत रेक्सिस पळवायचा आणि परत आणायचा. त्यानंतर ऑपरेशन थिएटरमध्ये तोच प्रसंग आला की हात थरथरत नाही.

फुटपेडलबद्दल थोडक्यात. पहिल्या पायरीवर पाणी, दुसरीवर पाणी आणि ओढ, तिसरीवर अल्ट्रासाउंड. प्रोबची टिप आत असताना पाय शून्यावर गेला की चेंबर कोसळतो. बऱ्याच मशीनमध्ये पाणी सतत चालू ठेवायची सोय असते. सरावाच्या वेळी ती बंद ठेवावी, म्हणजे पायाची प्रत्येक चूक डोळ्यात दिसते. उजवा पाय फॅकोवर, डावा मायक्रोस्कोपवर, ही विभागणी पहिल्या दिवसापासून. अल्ट्रासाउंड देण्याआधी टिपसमोरचं व्हिस्को दुसऱ्या पायरीवर क्षणभर ओढून घ्यायचं. व्हिस्कोने टिप तुंबली की पाण्याचा प्रवाह थांबतो, टिप तापते आणि चिरेच्या कडा पांढऱ्या पडतात. टिपसमोर दुधासारखा ढग दिसला की पाय लगेच वर. बकऱ्याच्या डोळ्यात चीर भाजलेली एकदा पाहिली की हे आयुष्यभर लक्षात राहतं.

न्यूक्लियसची बाजू लंगडी आहे. बकरं कोवळं, लेन्स मोठी पण मऊ, नुसत्या दुसऱ्या पायरीवर ओढली जाते. ट्रेंच (खाच पाडणं), क्रॅक (दुभंगणं), चॉप (तुकडे करणं) यातलं काही होत नाही. यावर तीन उपाय करतात. लेन्समध्ये अगदी थोडं फॉर्मॅलिन टोचायचं: कडकपणा येतो, पण रबरासारखा. क्रॅक सुरेख जात नाही, आणि वाफेने बसणाऱ्याच्याच डोळ्यांची आग होते, खिडक्या उघड्या हव्यात. काही सेकंद मायक्रोवेव्ह करायचं: लेन्स पांढरी होते, पण वेळ ओव्हनगणिक बदलतो आणि जास्त झालं तर डोळा फुटतो. ओव्हन अर्थातच स्वयंपाकघरातला नको. तिसरा उपाय सर्वांत चांगला: एसआयसीएसमध्ये त्याच दिवशी निघालेला माणसाचा न्यूक्लियस वापरायचा. मोठा रेक्सिस करून बकऱ्याची लेन्स आतून रिकामी करायची, पण कडेचा कॉर्टेक्स (गाभ्याभोवतीचा मऊ थर) ठेवायचा, नाहीतर माणसाचा लहान न्यूक्लियस त्या मोठ्या पिशवीत भोवऱ्यासारखा फिरतो. सहा-सात मिलिमीटरच्या चिरेतून तो आत बसवायचा, चीर 10-0 नायलॉनने शिवायची आणि नवी 2.8 ची चीर दुसऱ्या बाजूला द्यायची. न्यूक्लियस सलाईनमध्येच ठेवावा, वाळला की तडकतो. ट्रेंचसाठी व्हॅक्यूम (ओढीचा जोर, मिमी पाऱ्यात) 40 ते 60, तुकडे पकडताना 250 ते 300 इथून सुरुवात करावी. मानवी ऊतक असल्याने पेशंटची संमती, संस्थेची परवानगी आणि हातमोजे या तिन्ही गोष्टी लागतातच.

ज्या सत्राची कोणी आवर्जून मागणी करत नाही आणि ज्याची गरज सर्वांत जास्त, ते व्हिट्रेक्टमीचं. बकऱ्याचं व्हिट्रियस घट्ट, जेलीसारखं असतं, त्यामुळे सराव खरा वाटतो. पोस्टीरियर कॅप्सूल मुद्दाम फोडायची आणि मग पहिला धडा गिरवायचा: टिप झटकन बाहेर काढायची नाही. घाबरलेला हात नेमकं हेच करतो. टिप निघाली की चेंबर कोसळतो आणि व्हिट्रियस चिरेकडे धावतं, छिद्र मोठं होतं. टिप आत, पाय पहिल्या पायरीवर, डाव्या हाताने साइडपोर्टमधून (बाजूची छोटी चीर) व्हिस्को भरायचं, चेंबर भरला की पाय शून्यावर आणि मग टिप बाहेर. हा क्रम दुसऱ्या कोणीतरी मोठ्याने बोलावा आणि सर्जनने करावा, असं किमान दहा वेळा. पुढे ट्रायमसिनोलोन (पांढरं स्टिरॉइड औषध) दहापट पातळ करून टाकलं की व्हिट्रियसचे धागे पांढरे दिसतात. मुख्य चिरेतून काम करायचं नाही. दोन साइडपोर्ट, एकातून पाणी, दुसऱ्यातून कटर, बाटली खाली, कटिंगचा वेग मशीन देईल तितका जास्त, व्हॅक्यूम कमी. आधी कापणं, मग ओढणं, हा क्रम पेडलवर लावलेला आहे का ते सुरू करण्यापूर्वीच बघायचं. चिरेत अडकलेला धागा स्पंजने ओढून कापण्याची जुनी सवय इथेच सोडावी, कारण ओढलेला धागा पलीकडे रेटिनाला धरून असतो.

एका बाबतीत तडजोड चालणार नाही. पेशंटसाठीचा हँडपीस, ट्युबिंग, कॅन्युला किंवा ब्लेड वेट लॅबमध्ये नाही, आणि लॅबचं काही थिएटरमध्ये नाही. नळ्यांत अडकलेली प्रथिनं आणि एंडोटॉक्सिन ऑटोक्लेव्हच्या उष्णतेने नष्ट होत नाहीत, आणि त्यातून टास (जंतूंशिवाय होणारा डोळ्याच्या पुढच्या भागाचा विषारी दाह) होऊ शकतो. जुनं, बदललेलं मशीन लॅबला ठेवावं आणि प्रत्येक वस्तूवर लाल टेप लावावा. बकऱ्यांमधून ब्रुसेलाचा संसर्ग माणसाला होतो, म्हणून हातमोजे, चष्मा, आणि हाताला जखम असेल तर त्या दिवशी सुट्टी. वापरलेले डोळे 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत, सुया-ब्लेड पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात.

व्हिडिओशिवाय ही लॅब अर्धीच. आयपीसवर मोबाइल बसवायचा साधा अडॅप्टर पुरतो. गुण देण्यासाठी आंतरराष्ट्रीय नेत्रवैद्यक परिषदेचा ऑस्कार तक्ता वापरावा. फॅकोच्या तक्त्यात 20 मुद्दे, प्रत्येकाला 2 ते 5 गुण, आणि कोणत्या गुणाला काय दिसायला हवं ते लिहिलेलं आहे. व्हिडिओ करणाऱ्याने स्वतः आणि दुसऱ्याने वेगळे गुण द्यायचे, मग जिथे फरक पडतो तेवढंच परत बघायचं. बहुधा फरक पडतो तो डोळा मध्यावर ठेवण्यात आणि डाव्या हाताच्या वापरात.

हा डोळा काही चुकीच्या गोष्टीही शिकवतो. कॅप्सूल इतकी चिवट की पॉलिशिंगला (कॅप्सूल घासून साफ करणं) दांडगाई चालून जाते. माणसाची पोस्टीरियर कॅप्सूल मधोमध जेमतेम 4 मायक्रॉन, तिथे तीच दांडगाई अंगाशी येते. रेड रिफ्लेक्स (रेटिनावरून येणारी लाल चमक) नाही, रक्त नाही, पेशंट खोकत नाही, झोन्यूल (लेन्स धरून ठेवणारे धागे) ढिले नसतात. त्यामुळे इथे सफाई आली म्हणून काळा मोतीबिंदू किंवा स्यूडोएक्सफोलिएशनची (झोन्यूल कमजोर करणारा विकार) केस घ्यायची नाही. सुरुवातीच्या केसेस दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडच्या (मध्यम कडक मोतीबिंदूच्या), बाहुली चांगली फाकणाऱ्या, आणि शेजारी फॅको येणारा सर्जन उभा, अशाच निवडाव्यात. एसआयसीएसची ट्रे त्या दिवशी उघडी ठेवायची. अर्ध्यावर अडलं तर चीर वाढवून किंवा नवा टनेल करून न्यूक्लियस बाहेर काढणं हा निर्णय वेळेवर घ्यावा, आणि त्याचीही एक तालीम लॅबमध्ये करून ठेवावी.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नूतनीकरणाला पाच वर्षांत 30 क्रेडिट लागतात, आणि आपापसात केलेल्या या सरावाला त्यातलं एकही मिळत नाही. क्रेडिटसाठी मान्यताप्राप्त कार्यक्रम वेगळे करावे लागतात. वेळ काढताना हे आधीच धरून चालावं: आठवड्यातली एक दुपार, चार ते सहा डोळे, एका बैठकीला एकच कौशल्य. दोघंच असाल तरी चालतं, पण एकट्याने करू नका, कारण रेक्सिस पळताना थांबा म्हणणारं कोणीतरी शेजारी हवं.