सुरवंट की ज्युनिअर? लहानांच्या कोस्टरवर बसायचं ठरवलेल्या मोठ्यांसाठी

मोठ्या माणसाने लहान मुलांच्या रोलर कोस्टरवर बसावं का, हा वाद मी इथे उकरत नाही. ज्यांना ते पटत नाही त्यांचं म्हणणं मला समजतं. पण तुम्ही बसायचं ठरवलंय, हातात एकच दिवस आहे, आणि एकीकडे फिरत्या जत्रेत सफरचंदातून जाणारा वॅकी वर्म, म्हणजे सुरवंटाच्या आकाराची गाडी आहे, दुसरीकडे पार्कात व्हेकोमा या डच कंपनीचा ज्युनिअर कोस्टर. यांतल्या कोणासाठी वाट वाकडी करायची असा पेच असेल, तर माझा अनुभव कदाचित कामी येईल. मी बसलेल्या कोस्टरची वही ठेवतो, तिच्यात आजवर 140 कोस्टर आहेत, त्यांतले 38 लहानांसाठीचे. त्यांत 11 सुरवंट आणि 14 व्हेकोमा. मोटरवर चालणारे, ड्रॅगनच्या आकाराचे कोस्टर मी मोजत नाही, म्हणून ते बाजूला ठेवतो. तुम्ही मोजत असाल तर जरूर मोजा, वही तुमची आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती दोघांनाही लागू आहे. लहान कोस्टर म्हणजे मोठ्याची पातळ आवृत्ती, असं मलाही पूर्वी वाटायचं. तसं ते नसतं. वेग उंचीच्या वर्गमुळाने वाढतो. घर्षण सोडून दिलं तर 8 मीटर उतारावर गाडी ताशी 45 किलोमीटरला पोचते आणि 64 मीटरवर 127 ला. उंची आठपट, वेग तीनपटही नाही. आणि लहान कोस्टरची वळणं तर फारच आखूड असतात. ताशी 25 किलोमीटरने 5 मीटर त्रिज्येच्या सपाट वळणात शिरलात तर अंगावर बाजूने जवळजवळ 1 जी येतो, म्हणजे तुमच्याच वजनाइतका रेटा. मोठ्या स्टील कोस्टरवर हा रेटा सहसा जाणवत नाही, कारण तिथे ट्रॅक वळणात तिरपा करून तो सीटकडे वळवलेला असतो. लहान कोस्टरवर कंबर थेट डब्याच्या कडेवर जाऊन टेकते. हा धक्का ज्याने घेतलाय तो पुन्हा 'बच्चों का झूला' म्हणणार नाही.

आता सुरवंट. इटलीच्या पिनफारीने असाच 'बिग ॲपल' बनवला, इतरही कंपन्यांनी बनवले, पण ओळखीची खूण एकच: हसऱ्या तोंडाची हिरवी गाडी आणि ट्रॅकवर ठेवलेलं भलंमोठं लाल सफरचंद, ज्याच्या पोटातून गाडी आरपार जाते. उतार किरकोळ. मजा गाडीच्या लांबीत आहे. ट्रॅक एवढा छोटा आणि गाडी एवढी लांब, की तोंड उतरून वळणाला लागलं तरी शेपूट अजून माथ्यावरच असतं. शेवटच्या डब्यात बसलात तर तुम्ही उतारावरून खाली येत नाही, तुम्हाला तिथून ओढून काढलं जातं. मांडीवरचा बार क्षणभर सैल लागतो आणि पोटात तो ओळखीचा खड्डा पडतो. एवढ्याशा उतारावर! मी पहिल्यांदा बसलो तेव्हा मोठ्याने हसलो होतो, आणि पुढच्या डब्यातली पोरं मागे वळून बघायला लागली होती.

शिवाय बहुतेक सुरवंटांवर एका तिकिटात दोन-तीन फेऱ्या मिळतात. मोठ्या कोस्टरवर हे सुख नाही. पहिल्या फेरीत तुम्ही गुडघे कुठे ठेवायचे ते बघता, दुसरीत वळणं कळतात, तिसरीत डोळे मिटून बसता येतं. सफरचंदात शिरताना अंधार होतो, आवाज एकदम बंदिस्त होतो आणि बाहेर पडताना जत्रेचे दिवे अंगावर येतात. मला सुरवंट मनापासून आवडतो, हे आधीच नोंदवतो. कारण पुढे मी त्याच्या विरुद्ध बोलणार आहे.

माझं मन फिरवलं ते एका संध्याकाळी, फाटकापाशी. बसने दीड तास प्रवास करून मी एका जत्रेत गेलो होतो, फक्त सुरवंटासाठी. खिडकीवर तिकीट मागितलं, मिळालं. रांग लहान होती, पण गाडी एकच, म्हणून वीस-पंचवीस मिनिटं गेली. माझ्यापुढे एक बाई आणि तिचा मुलगा, मागे दोन बहिणी. फाटकावरच्या तरुणाने बाईंना आत सोडलं, मग माझ्यासमोर फाटक ओढून त्यावर हात ठेवला.

"सोबत मूल कुठंय?"

"मी एकटाच आहे."

"मग नाही जमणार, दादा. मोठ्यांना मुलाबरोबरच."

तो उद्धट नव्हता. त्याने बोटाने दाखवलेली पाटीही खरी होती. फक्त ती फाटकाच्या आतल्या बाजूला, बसायच्या चौथऱ्यावर होती. रांगेतून दिसत नव्हती, खिडकीवर लिहिलेली नव्हती, आणि तिकीट देणाऱ्यानेही विचारलं नव्हतं. मी बाजूला झालो. सुरवंट सुटला, आणि पूर्ण तीन फेऱ्या मी कठड्याला टेकून बघितल्या. शेवटचा डबा रिकामा होता.

नियमाबद्दल माझी तक्रार नाही. लहान मुलांच्या डब्याला वजनाची मर्यादा असते. हलक्या प्रवाशांचा हिशेब धरून बनवलेल्या गाडीत सगळे मोठेच बसले तर तिचा वेग आणि ब्रेकचं गणित बदलतं. शिवाय पालकांना आपली मुलं जिथे बसतात तिथे अनोळखी एकटी माणसं नको वाटली तर त्यात गैर काय? मला खुपतं ते एवढंच, की हा नियम कधी लागू होईल ते आधी कळत नाही. माझ्या 11 सुरवंटांपैकी सात मी एकट्याने केले, कुणीही हटकलं नाही. चार भाचीला सोबत घेऊन केले. याशिवाय पाच ठिकाणांहून मला परत फिरावं लागलं, आणि पाचही ठिकाणी नियम अगदी शेवटी, वाट बघून झाल्यावर कळला. एका ठिकाणी तर दुपारी एका ओळखीच्याला सोडलं आणि संध्याकाळी त्याच सुरवंटावर मला अडवलं, कारण फाटकावरचा माणूस बदलला होता. दिवसभराच्या आखणीत अशा गोष्टीला जागा कुठे द्यायची?

यावर काही जण एक उपाय सांगतात: रांगेतल्या एखाद्या पालकांना विचारून त्यांच्या मुलाशेजारी बसायचं. कृपा करून असं करू नका. वहीत एक कोस्टर वाढावा म्हणून अनोळखी घरातल्या आईबापांना त्या पेचात टाकणं मला योग्य वाटत नाही, आणि त्याने तुमच्यामागून येणाऱ्या प्रत्येकाची वाट बंद होते.

व्हेकोमाच्या ज्युनिअरवर हा पेच मला अजून पडलेला नाही. 14 वेळा एकट्याने किंवा मित्रांसोबत गेलो, 14 वेळा बसलो. हा कोस्टर मुळातच आईबाप आणि मुलं एकत्र बसतील अशा बेताने बनतो. पाटीवर किमान उंची लिहिलेली असते, ती रांगेच्या तोंडाशी असते, आणि विषय तिथेच संपतो. मोठ्या पार्कांनी त्याला आपलंसं केलं आहे, हेही त्यामागचं एक कारण असावं. अमेरिकेत डिस्नेलँडच्या टूनटाउनमध्ये 1993 पासून तो गॅजेटच्या नावाने आहे, मॅजिक किंगडममध्ये 1996 पासून बार्नस्टॉर्मर म्हणून, सीडर पॉइंटला 1999 पासून वूडस्टॉक एक्सप्रेस म्हणून. युनिव्हर्सलच्या ऑरलँडोतल्या आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचरमध्ये 2000 साली आलेला फ्लाइंग युनिकॉर्न पुढे 'फ्लाइट ऑफ द हिपोग्रिफ' झाला. तो थोरला भाऊ, 335 मीटरचा. दुसरे अनेक 207 मीटरचे असतात. कोस्टर मोजणारे आपल्यातले लोक त्यांना आकड्यानेच ओळखतात: "तिथे दोनशेसात आहे."

बसल्यावर कसं वाटतं? चढणीवर साखळीची टकटक नाही, रबरी चाकांची एकसुरी घरघर. माथ्यावर पोचल्यावर उजवी-डावी नजर टाकायला पुरेसा वेळ, आणि मग वळत वळत खाली. पोटात खड्डा पडत नाही, निदान माझ्या तरी नाही. त्याऐवजी एक गुळगुळीत, न थांबणारी वळणांची माळ, आणि जमिनीलगत शेवटचा वळसा, जो वेगाचा आभास खरा वाटावा इतका खाली असतो. मागच्या डब्यात तो थोडा जास्त खेचतो. गुडघ्यांची अडचण आहेच. दोन मोठ्यांनी शेजारी बसू नये. एकटे बसलात तर पाय किंचित तिरपे ठेवा, नाहीतर पुढच्या पॅनेलची कडा नडगीवर येते.

त्याच्याही उणिवा आहेत, त्या लपवत नाही. फेरी एकच, आणि मिनिटाच्या आसपास. मोठ्या पार्कात गर्दीच्या दिवशी त्या मिनिटासाठी पाऊण तास उभं राहावं लागू शकतं. आणि सगळ्यांत मोठं, म्हणजे तो सगळीकडे सारखाच असतो. पाचवा दोनशेसात केल्यावर पुढचं वळण पाय आधीच ओळखतात. सुरवंटांतही असं सारखेपण आहे, पण फिरत्या जत्रेतला सुरवंट जागा बदलतो, कधी उघड्या मैदानात, कधी दोन पाळण्यांच्या मधोमध, आणि त्याने फेरी निराळी वाटते. (वहीत मात्र तो एकच धरावा. तोच सुरवंट दुसऱ्या गावच्या जत्रेत भेटला म्हणून नवा होत नाही. मी हे एकदा चुकलो होतो, नंतर खोडलं.)

लाकडी ज्युनिअर कुठे जवळपास असेल तर मात्र ही तुलनाच सोडा आणि तिकडे चला. अमेरिकेतल्या किंग्ज आयलंड पार्कचा 1972 चा, फिलाडेल्फिया टोबोगन कंपनीचा आणि जॉन ॲलन यांनी आखलेला, आज वूडस्टॉक एक्सप्रेस नावाने चालतो. किडीलँड पार्कचा 1950 चा लिटल डिपर तर तो पार्क बंद पडल्यावर उचलून सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अमेरिकेत आणला गेला आणि 2010 मध्ये पुन्हा सुरू झाला. एवढं जपावंसं वाटलं, यातच काय ते आलं. पण असे थोडेच उरलेत, आणि आपल्या वाटेवर बहुधा नसतात.

तर, निव्वळ फेरीला फेरी लावून बघितली तर शेवटच्या डब्यातला सुरवंट मला अजूनही किंचित वरचढ वाटतो. पण एकट्याने किंवा मोठ्यांच्याच घोळक्याने निघाला असाल, तर मी दिवस ज्युनिअरभोवती आखेन आणि सुरवंट वाटेत आला तर बघू, एवढ्यावर ठेवेन. वाटेत आला, तर रांगेत उभं राहण्याआधी फाटकावरच्या माणसाला विचारा, खिडकीवरच्याला नाही. "एकट्या मोठ्याला सोडता का?" इतकंच. नाही म्हणाला तर आभार मानून पुढे जा.

घरचं मूल सोबत असेल तर उलटं करा. सुरवंट आधी, आणि शक्य तितक्या वेळा. माझी भाची पाच वर्षांची असताना आम्ही चार सुरवंट केले. शेवटच्या डब्यातच बसायचं, हे तिने माझ्याकडून उचललं होतं. परवा पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "मामा, आता तो मोठा बघूया ना." ती आता आठ वर्षांची आहे.